नाशिककरांस पहिले पत्र

लहानपणी मला रोमकर, करिंथकर, इफिसकर ही आडनावं वाटायची. आमच्या चाळीत निफाडकर होते, सिन्नरकर होते, पलीकडच्या बिऱ्हाडात इगतपुरीकर होते. त्याच हिशेबानं ही संत पौलाच्या ओळखीची काही घरंदाज मंडळी असावीत आणि तो सवडीनं त्यांना पत्रं टाकत असावा. गलतीकर तर आमच्याच भावकीतले, याबद्दल घरातली एकंदर वागणूक पाहता मला शंका नव्हती. थेस्सलनीकाकर मात्र शाळेच्या हजेरीपटावर कसे मावत असतील याची काळजी वाटायची.

पुढे कळलं की ही गावं नि प्रांत आहेत. आपण जसे नाशिककर, तसे ते करिंथकर. हे कळल्यावर बरं वाटण्याऐवजी जरा रागच आला. सगळ्या गावांना पत्रं, काहींना तर दोन-दोन, आणि आपल्याला एक साधं कार्डसुद्धा नाही? तेव्हा आजी म्हणाली होती, "ज्यांची वागणूक बिघडते त्यांना पत्रं येतात. आपल्याला नाही आलं ते बरंच." आजीचं हे बायबलविषयक मत पुढे वाचन वाढल्यावर मला बऱ्याच अंशी खरं वाटू लागलं.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे डबा.

आमच्याकडे दर बुधवारी संध्याकाळी प्रार्थनासभा असते, एका बुधवारी या घरी, पुढच्या बुधवारी त्या घरी. दोन गीतं, एक अध्याय, प्रार्थना, मग चहा आणि चहाबरोबर जे काही निघेल ते. निघतं पुष्कळ, त्यातलं बायबलमधलं थोडं. आमचे पाळकसाहेब तरुण आहेत, पुण्याहून शिकून आलेत आणि अजून लोकांवर त्यांचा विश्वास आहे. गेल्या पावसाळ्यात त्यांनी टूम काढली. रोजच्या जगण्यात पडणारे प्रश्न लोकांनी चिठ्ठीवर लिहावेत, नाव घालू नये, चिठ्ठी डब्यात टाकावी. दर बुधवारी दोन-तीन चिठ्ठ्या काढून बायबल त्यावर काय शिकवतं ते सगळ्यांनी मिळून पाहू.

डबा आमच्या थोरल्या मावशीनं दिला. वय वर्षं एक्क्याऐंशी. डबा स्टीलचा, पाच किलो करंज्या मावतील एवढा. भांडी बाजारातल्या दुकानदारानं झाकणावर ठिपक्या-ठिपक्यांनी मावशीचं नाव, काकांचं नाव आणि लग्नाची तारीख कोरलेली. नाताळच्या फराळाचा तो सरकारी डबा. देताना मावशी म्हणाली, "वापरा. पण मला डिसेंबरच्या आधी परत पाहिजे." तिनं हे सगळ्यांच्या देखत, आमेन झाल्यावर लगेच सांगितलं, म्हणजे ते प्रार्थनेइतकंच गंभीर होतं.

चिठ्ठ्या लावायचं काम माझ्याकडे आलं, कारण मी निवृत्त आहे आणि प्रेसमध्ये होतो. नाशिकरोडला नुसतं 'प्रेस' म्हटलं की कुणी 'कुठलं वर्तमानपत्र?' असं विचारत नाही. इथं नोटा छापतात, 1928 पासून. मी आयुष्यभर दुसऱ्यांचे पैसे मोजले. माझ्या हातांखालून गेलेल्या रकमेचा आकडा सांगितला तर तुम्ही मला जेवायला बोलवाल, आणि मला मिळणारी पेन्शन सांगितली तर डबा भरून द्याल.

पहिल्या बुधवारी तेवीस चिठ्ठ्या निघाल्या. त्यातल्या सतरा एकाच ठिकाणी येऊन थांबत होत्या: चालतं का?

टिकली लावलेली चालते का. दसऱ्याला सोनं घेतलेलं चालतं का. घराची पायाभरणी मुहूर्त बघून केली तर चालते का. बाळ येशूच्या यात्रेला गेलेलं चालतं का. (हा प्रश्न अर्थात आमच्या प्रॉटेस्टंट मंडळींचा. फेब्रुवारीच्या दुसऱ्या शनिवार-रविवारी नाशिकरोडच्या बाळ येशूला मुंबई-गोव्याहून माणसं लोटतात. आमच्यातलेही जातात, पण विचारलं तर 'जत्रा बघायला गेलो होतो' म्हणतात. मेणबत्ती खिशात सापडली तर 'लाइट जातात ना' म्हणतात.)

'चालतं का' हा खास आपला प्रश्न. डॉक्टरला विचारतो, दही चालतं का. रिक्षावाल्याला विचारतो, सुट्टे नाहीत, चालतं का. व्याह्यांना विचारतो, मुलगी नोकरी करील, चालतं का. त्याच तालावर आपण देवाच्या दारात उभे राहतो. आपल्याला बायबल हवं असतं ते औषधाच्या दुकानातल्या पुडीवर लिहितात तसं, सकाळी एक, संध्याकाळी एक, वांगं वर्ज्य. आणि पंचाईत अशी की ज्याला विचारायचं तो येशू सरळ उत्तर देण्याबद्दल कधीच प्रसिद्ध नव्हता. माझा शेजारी कोण, असं एका शास्त्र्यानं विचारलं तर त्यानं एका रस्त्यावरच्या लुटालुटीची गोष्ट सांगितली आणि शेवटी त्यालाच विचारलं, आता तूच सांग, शेजारी कोण झाला? आमच्या प्रेसमध्ये साहेबाला असं उत्तर दिलं असतं तर मेमो मिळाला असता.

पहिली चिठ्ठी प्रसादाची होती. निळ्या शाईतली, अक्षर गोल, कागद कॅलेंडरच्या पानाचा. शेजारचे गणपतीचा प्रसाद देतात, खाल्ला तर चालतो का? अक्षर मावशीचं होतं. हे मला, पाळकसाहेबांना आणि बसलेल्या सगळ्यांना कळलं, आणि कळलं नाही असं सगळ्यांनी दाखवलं.

पाळकसाहेबांनी करिंथकरांचं पहिलं पत्र काढलं, आणि तिथं मला शोध लागला की हे पत्र म्हणजे आमचाच डबा आहे. करिंथच्या लोकांनी पौलाला प्रश्न लिहून पाठवले होते. सातव्या अध्यायापासून तो एकेक चिठ्ठी उघडावी तसा उत्तरं देत जातो: लग्न करावं की नाही, नवरा-बायकोतला एकच विश्वासात आला तर काय, उपासनेत डोकं झाकावं का. शिवाय जे प्रश्न लोकांनी लिहिले नाहीत त्यातले काही ख्लोवे नावाच्या बाईच्या घरच्या माणसांनी तोंडी पोचवले होते, काही असेच कानावर आले होते. इकडे मंडळीत गट पडलेत, भांडणं कोर्टात गेलीत, प्रभुभोजनाला काही जण आधीच जेवून घेतात आणि उशिरा येणारे गरीब उपाशी राहतात. प्रत्येक मंडळीत एक ख्लोवे असते. आमच्याकडे तर दोन आहेत.

आणि त्याच प्रश्नांत प्रसादाचा प्रश्न आहे! करिंथ दोन समुद्रांच्या मधलं व्यापारी गाव, देवळं भरपूर. बाजारात मिळणारं मटण पुष्कळदा देवळात दाखवून आलेलं असायचं. ते विकत घ्यावं का, कुणी जेवायला बोलावलं तर खावं का, यावर पौलानं तीन अध्याय खर्च केलेत. त्याचं म्हणणं साधारण असं: मूर्तीला दाखवल्यानं अन्नाचं काही बिघडत नाही. देवळाच्या वेदीशी बसून जेवू नका. बाजारातलं चौकशा न करता घ्या, बोलावलेल्या घरी पुढे येईल ते न विचारता खा. मात्र कुणी मुद्दाम सांगितलं की हे दाखवलेलं आहे, तर त्या सांगणाऱ्याच्या मनासाठी थांबा.

मावशीनं हे शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे न विचारता खायचं."

"हो."

"पण आमच्या वरची जिन्यातूनच ओरडत येते, 'मावशी, प्रसाद!' मग मी काय, कानात बोळे घालून दार उघडू?"

पाळकसाहेबांना पुण्यात हे शिकवलेलं नव्हतं.

मावशीचा तीस वर्षांचा रिवाज मला ठाऊक आहे. ती प्रसाद दोन्ही हातांनी घेते, "राहू दे, जेवण झाल्यावर खाते," म्हणते आणि वाटी फ्रिजवर ठेवते. संध्याकाळी वाटी रिकामी असते. कावळ्याला घातला, मुलांनी नेला, असं ती सांगते. एकदा मी दुपारी अचानक गेलो तेव्हा मावशी खिडकीशी बसून खिरापतीतलं खोबरं वेचून खात होती. माझ्याकडे बघून म्हणाली, "खोबरं म्हणजे काही प्रसाद नाही. खोबरं म्हणजे खोबरं." हे पौलाच्या पहिल्या मुद्द्याच्या इतकं जवळ जातं की मी गप्प बसलो.

नाताळात तिच्याकडून वर करंज्यांचं ताट जातं. वरच्या बाईंनी आजतागायत एकदाही विचारलेलं नाही की हे चालतं का.

नाशिकमध्ये खाण्यापिण्याच्या सोवळ्याची गोष्ट निघाली की लक्ष्मीबाई टिळकांना ओलांडून पुढे जाता येत नाही. त्या 1868 सालच्या, गोदावरीकाठच्या जलालपूरच्या, नाशिकपासून हाकेच्या अंतरावर. गोखल्यांच्या घरची मुलगी. वडिलांचं सोवळं इतकं कडक की बाहेरून आलेली वस्तू धुतल्याखेरीज घरात नाही. अशा घरातून ती मुलगी कवी नारायण वामन टिळकांच्या घरी गेली, म्हणजे विहिरीतून काढून थेट समुद्रात. 1895 मध्ये टिळकांनी बाप्तिस्मा घेतला, नवरा-बायको काही वर्षं वेगळी राहिली, मग त्या परत आल्या. परत आल्या त्या सोवळ्यासकट. नवरा ख्रिस्ती, आजूबाजूला ख्रिस्ती, आणि बाईंची चूल वेगळी, पाणी वेगळं. टिळकांनी जबरदस्ती केली नाही. पुढे त्यांचं सोवळं गळून पडलं ते कुणी वचन काढून दाखवल्यामुळे नाही. माणसं देवानं केली, भेद माणसांनी, हे त्यांचं त्यांनाच एके दिवशी उमगलं. 1900 मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. शेवटची वर्षं त्या नाशिकमध्येच होत्या, 1936 मध्ये इथंच गेल्या.

त्यांचं आत्मचरित्र 'स्मृतिचित्रे' वाचताना मला नेहमी वाटतं की बायबल काय शिकवतं याची परीक्षा टिळकांची नव्हे, लक्ष्मीबाईंची झाली. मागेल त्याला दे, असं येशू डोंगरावरून सांगून गेला. टिळकांनी ते ऐकलं आणि देऊन टाकलं. संध्याकाळी डब्यात तांदूळ किती आहे हे बघायचं काम डोंगरावर नसलेल्या माणसाकडे आलं. आणि त्या बाईनं त्यावर चिडून नाही, हसून लिहिलं. प्रवचनं मी पुष्कळ ऐकली. त्यातली लक्षात राहिली ती थोडी, आणि हसवून गेली ती त्याहून थोडी.

टिकलीचा प्रश्न पाच मिनिटांत संपला. पाळकसाहेबांनी शोधून सांगितलं की बायबलमध्ये टिकलीचा उल्लेख नाही. स्त्रियांच्या नट्ट्यापट्ट्याबद्दल पौल आणि पेत्र जे बोलतात ते केस गुंफण्याबद्दल आणि सोन्याबद्दल. खोलीत एकदम शांतता पसरली. मी चष्मा पुसायच्या निमित्तानं पाहिलं, तर अकरा मंगळसूत्रं, सहा जणींच्या हातात पाटल्या आणि एक ठुशी. टिकली एकीलाही नव्हती. सोनं चालतं का, असं तेवीस चिठ्ठ्यांत कुणीही विचारलेलं नव्हतं. "पुढची चिठ्ठी घ्या," मावशी पाटल्या मागे सारत म्हणाली.

वाइनच्या चिठ्ठ्या चार. नाशिकमध्ये त्या निघणारच. शनिवार-रविवारी मुंबईच्या गाड्या गंगापूर धरणाच्या बाजूला द्राक्षमळ्यात वाइन प्यायला जातात, आणि आमच्या मंडळीतल्या दोन-तीन पोरांच्या नोकऱ्याच त्या धंद्यात आहेत. काना गावच्या लग्नात येशूनं पाण्याचा द्राक्षारस केला तो रस होता की दारू, असा सरळ सवाल होता. दगडी रांजण सहा, एकेकात ऐंशी ते एकशेवीस लिटर मावेल असे. मोजायची सवय असल्यामुळे मी तिथंच हिशेब केला, किमान चारशे ऐंशी लिटर. भोजनकारभाऱ्यानं नवरदेवाला म्हटलेलं आहे की लोक चांगला माल आधी देतात आणि पाहुणे तर्र झाले की हलका काढतात, तुम्ही मात्र चांगला शेवटी काढलात. हे काही उसाच्या रसाबद्दल कुणी बोलत नाही.

आमच्याकडे प्रभुभोजनाला मात्र मनुकांचं पाणी. माझी आई आदल्या रात्री काळ्या मनुका भिजत घालायची, सकाळी उकळून गाळायची. त्या वासानं मला अजून पवित्र वाटतं आणि भूकही लागते. जुन्या अमेरिकन मिशनची माणसं दारूला शिवत नसत, इंग्रजांच्या मंडळीत खरी वाइन असे. 1970 मध्ये नागपूरला सगळ्यांचं मिळून उत्तर भारतीय मंडळी झालं. तत्त्वं, बिशप, मालमत्ता यांवर कशी चर्चा झाली ते मोठ्यांना माहीत. आमच्या घरी चर्चा झाली ती पेल्यात काय असणार यावर. माझे एक काका मात्र सगळ्या वादांच्या पलीकडे होते. पौलानं तीमथ्याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलं आहे, तेवढं एक वचन त्यांना तोंडपाठ होतं. काकांचं पोट जन्मभर नाजूक राहिलं.

पण डब्यातली सगळ्यात चांगली चिठ्ठी द्राक्षाचीच होती, दारूची नव्हे. दिंडोरीकडचे एक बागायतदार मुलीकडे आले की आमच्या सभेला बसतात. त्यांनी लिहिलं होतं, शनिवारी रात्री अवकाळी पाऊस पडला आणि दुसऱ्या दिवशी रविवार असला तर फवारणी करावी की उपासनेला यावं? याला म्हणतात रोजचा प्रश्न. ओल्या पानावर डाऊनी रोग बसायला वेळ लागत नाही. सकाळची वेळ गेली तर वर्षाचं पीक गेलं.

पाळकसाहेबांनी विहिरीत पडलेल्या बैलाचं उदाहरण दिलं. शब्बाथाच्या दिवशी कुणाचा बैल विहिरीत पडला तर तो काढणार नाही का, असं येशूनं परुश्यांना विचारलं होतं. बागायतदारांनी मान हलवली. "तेच मी करतो. पण बैल वर्षातून एकदा पडतो हो. आमची बाग दर आठवड्याला पडते."

मग पाळकसाहेब जरा हुरूप येऊन योहानातल्या द्राक्षवेलीवर गेले. बाप हा माळी, आपण फांद्या, फळ देणाऱ्या फांदीला तो छाटतो. संकटं म्हणजे देवाची छाटणी, वगैरे. बागायतदार थोडा वेळ ऐकत राहिले. मग म्हणाले, "साहेब, कुठली छाटणी?"

"म्हणजे?"

"दोन असतात. एप्रिलात खरड छाटणी. सगळं खरडून वेल उघडीवाघडी करायची. त्यावर फळ मागायचंच नाही. पण नवी काडी फुटते ना, तिच्या डोळ्यात घड तेव्हाच तयार होतो, आतल्या आत. बाहेरून काही दिसत नाही. मग ऑक्टोबरात गोडी छाटणी, त्याच काडीवर. तेव्हा कुठं घड बाहेर निघतो, आणि फेब्रुवारी-मार्चला माल." त्यांनी बोटाच्या पेरावर नखानं खूण करून डोळा कुठे असतो ते दाखवलं. "आणि छाटणी म्हणजे शिक्षा असं तुम्ही म्हणता, तसं नसतं ते. ज्या वेलीत काही राम नाही तिच्यावर कात्री चालवायला मजूर कुणाला परवडतो?"

'राम नाही' हे शब्द प्रार्थनासभेत चालतात का, हे त्या वेळी कुणालाही सुचलं नाही. पाळकसाहेब वहीत लिहून घेत होते. पुढच्या रविवारी देवळात खरड छाटणी आणि गोडी छाटणी दोन्ही आल्या, तीन ठळक मुद्द्यांसह.

वाटणीची चिठ्ठी निघाली तेव्हा मात्र दोन माणसं एकमेकांकडे न बघता बसली होती, त्यामुळे मी तपशिलात जात नाही. एवढंच की हा प्रश्न येशूलाही भर गर्दीत कुणीतरी विचारला होता: गुरुजी, माझ्या भावाला वाटणी करायला सांगा. त्यानं हात वर केले, मला कुणी तुमचा वाटण्या करणारा नेमलं? आणि मग पीक मावेना म्हणून कोठारं पाडून मोठी बांधायला निघालेल्या श्रीमंताची गोष्ट सांगितली, जो त्याच रात्री गेला. लासलगावच्या बाजूला ही गोष्ट सांगताना कोठार म्हणायची गरज नाही, कांद्याची चाळ म्हटलं की पुरतं. नवी चाळ, मोठी चाळ, भाव वाढेपर्यंत थांबू, आणि रात्री छातीत कळ. सातबाऱ्यावरचं नाव मग कुणाचं लागलं ते बायबल सांगत नाही.

दशमांश हातात पडणाऱ्या पगारावर द्यायचा की कापून जाण्याआधीच्या? ही चिठ्ठी माझी होती. अक्षर मुद्दाम डाव्या हाताचं. येशूनं पुदिना, शेपू, जिरं यांचासुद्धा दहावा भाग काढणाऱ्या परुश्यांची चांगलीच हजेरी घेतली आहे. तेही सोडू नका, पण न्याय आणि दया तेवढी विसरू नका, असं तो म्हणतो. तेव्हापासून रविवार कारंज्याला शेपूची जुडी घेताना मला एक परुशी दहा-दहा काड्या मोजताना दिसतो आणि तो हुबेहूब माझ्यासारखा असतो. नाण्यावरचा मुखवटा कुणाचा, असंही त्यानं विचारलं होतं. कैसराचा, म्हणाले. मग कैसराचं कैसराला द्या. आम्ही प्रेसमधले लोक आठ-आठ तास गांधीजींचा मुखवटा बघायचो, बाहेर पडताना अंगझडती देऊन निघायचो. कैसराचं कैसराला देण्याच्या बाबतीत आम्हाला पर्यायच नव्हता. देवाचं देवाला देताना मात्र झडती घेणारं कुणी नसतं.

चौथ्या की पाचव्या बुधवारी एक चिठ्ठी आली. मुलाला मुलगी पसंत आहे. आपल्यातलीच आहे, पण दुसऱ्या मिशनची. चालतं का?

बाहेरच्या माणसाला यात प्रश्नच दिसणार नाही. आमच्यात मात्र 'कुठल्या मिशनचे' याच्या पोटात दुसरा प्रश्न असतो, 'मूळचे कोण'. पणजोबांनी बाप्तिस्मा घेताना नाव बदललं, देव बदलला, रविवार धरला. मूळचे कोण हे मात्र न सांगता सगळ्यांना माहीत राहिलं. फराळाच्या डब्यासारखं, झाकणावर ठिपक्या-ठिपक्यांनी कोरलेलं. घासलं तरी जात नाही.

मी शरणपूर रोडनं जातो तेव्हा मला कधीकधी वाटतं, हा प्रश्न इथं कुणी विचारू तरी कसा शकतो. 1854 मध्ये मिशनऱ्यांनी वसवलेली ही ख्रिस्ती वस्ती. शरणपूर म्हटलं की जुन्या करारातली ती सहा नगरं आठवतात, हातून चुकून खून झालेल्या माणसाला आसरा मिळावा म्हणून राखून ठेवलेली. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं इथं आणून शिकवली. इंग्रजी कागदांत त्यांना 'नासिक बॉइज' म्हणतात. डेव्हिड लिव्हिंग्स्टन या मिशनरी-संशोधकाच्या आफ्रिकेतल्या शेवटच्या सफरीत त्यातले नऊ जण 1866 मध्ये निघाले. पुढे 1872 मध्ये इथंच शिकलेला जेकब वेनराइट त्याला जाऊन मिळाला. 1873 मध्ये लिव्हिंग्स्टन गेला तेव्हा त्याचं हृदय तिथल्या झाडाखाली पुरलं, प्रार्थना वेनराइटनं वाचली, झाडावर अक्षरं कोरली. मग सगळ्यांनी ते शव खांद्यावरून हजारावर मैल चालत किनाऱ्याला आणलं. 1874 च्या एप्रिलमध्ये लंडनला वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये दफन झालं तेव्हा शवपेटीच्या मानकऱ्यांत नाशिकला शिकलेला हा मुलगा होता. त्याला कुणी 'मूळचा कोण' विचारलं असतं तर त्यानं काय सांगितलं असतं? लहानपणी धरून विकलेलं पोर ते. आता तिथं सिग्नलला उभं राहिलं की मागचा हॉर्न वाजवतो आणि मी पुढे निघतो.

त्या बुधवारी पाळकसाहेबांनी अखेर माझ्या भावकीला हात घातला. गलतीकरांस पत्र, दुसरा अध्याय. अंत्युखियात पेत्र परराष्ट्रीयांच्या पंगतीला बसून जेवत असे. मग यरुशलेमेहून काही कडक मंडळी आली. त्यांना बघून पेत्र पंगतीतून उठला. त्याच्यामागून बाकीचे उठले, बर्णबाससुद्धा उठला. आणि पौलानं सगळ्यांसमोर पेत्राला तोंडावर सुनावलं.

पेत्राला! ज्याच्या हाती स्वर्गाच्या किल्ल्या, त्याला, तेही जेवणावरून.

कुणी काही बोललं नाही. चहा आला. लहानपणी मी एका लग्नात असंच उठताना पाहिलं आहे, माझ्याच घरच्या मोठ्या माणसांना, "पोट बरं नाही" म्हणत. मी आठ वर्षांचा होतो, पानावर जिलेबी होती. मीही उठलो. जिलेबीसाठी वाईट वाटलं होतं, बाकी काही कळलं नव्हतं. गलतीकर आमच्या भावकीतले, हा समज तेवढा चुकीचा नव्हता.

चिठ्ठीला उत्तर काय मिळालं ते मला माहीत नाही. जानेवारीत लग्न आहे एवढं कळलंय. पत्रिका दोन्ही मिशनच्या लोकांना गेल्या. कोण बसतं आणि कोणाचं पोट दुखतं ते बघायचं.

नोव्हेंबर संपत आला तेव्हा मावशीनं डब्याची आठवण केली. तळाशी एकच चिठ्ठी उरली होती, वहीच्या चौकटीच्या कागदावर, पेन्सिलीनं, दुसरी-तिसरीतल्या मुलाच्या अक्षरात. 'चालतं का' नव्हतं तिच्यात. लिहिलं होतं, ज्या मुलाच्या पाच भाकरी आणि दोन मासे घेतले त्यानं घरी गेल्यावर आईला काय सांगितलं?

पाळकसाहेबांनी चारही शुभवर्तमानं चाळली. मुलाचा उल्लेख एकट्या योहानात आहे, आणि तिथंही भाकरी घेतल्यावर मुलगा नाहीसा होतो. पाच हजार जेवले, बारा टोपल्या उरल्या, त्याचं पुढे काय झालं याचा पत्ता नाही. आपल्या मराठी बायबलात भाकरीच असल्यामुळे माझ्या डोळ्यांपुढे त्या नेहमी बाजरीच्या आल्यात, फडक्यात बांधलेल्या, वर दोन सुके मासे. सकाळी उठून थापणारी कुणीतरी असणारच की.

"आईनं विचारलं असेल, जेवलास का," एक बाई म्हणाल्या.

"तो म्हणाला असेल, हो, सगळेच जेवले," बागायतदार म्हणाले.

"त्याला एक टोपली तरी दिली असेल का हो घरी न्यायला?"

यावर बराच वेळ चर्चा झाली. टोपल्या बारा, शिष्य बारा, म्हणजे हिशेब आधीच संपलेला, असं मी मोजून सांगितलं. ते कुणाला आवडलं नाही. पाळकसाहेब म्हणाले, शास्त्र इथं मौन बाळगतं. मावशी मघापासून डबा मांडीवर घेऊन बसली होती. झाकण उघडून तिनं आत बोट फिरवलं, बोटाला लागलेली पेनाची शाई पदराला पुसली.

"आई काय विचारणार," ती म्हणाली. "भाकरी गेल्या तर गेल्या, फडकं कुठाय?" आणि माझ्याकडे वळून, "आणि तू हा असाच देणार होतास मला? घासून आण. सोमवारी करंज्या आहेत."